खसखशीच्या दाण्याहून लहान: डोंगरातल्या माइटची जात कशी ओळखतात

मृग नक्षत्र लागून पहिला दमदार पाऊस झाला की बांधावर, माळावर लालभडक मखमली किडे चालताना दिसतात. लहानपणी आम्ही ते तळहातावर घ्यायचो. बोट लावलं की पाय आत घेऊन गप्प बसायचा, आणि थोड्या वेळाने पुन्हा चालायला लागायचा. तो मृगाचा किडा. पण त्याचे पाय मोजून पाहा, आठ भरतात. कीटकाला सहा असतात. म्हणजे हा कीटक नव्हेच. हा माइट आहे, कोळी, विंचू आणि गोचीड यांच्या भावकीतला. कपाशीवर, वांग्यावर पडणारी ‘लाल कोळी’ नावाची कीडही याच भावकीतली.

आपल्याला नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणारा मातीतला माइट म्हणजे हा मृगाचा किडा. बाकीचे असंख्य माइट त्याच मातीत असतात आणि आपण रोज त्यांच्यावरून चालतो. त्यांतला एक मोठा गट आहे ऑरिबॅटिडा. अंगावर कडक, तपकिरी, बहुधा चकचकीत कवच असल्यामुळे मी त्यांना चिलखती माइट म्हणेन. पिकांवर किंवा माणसावर ते जगत नाहीत. कुजणारी पानं आणि त्यावरची बुरशी खाणं हे त्यांचं काम. थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी जंगलात एका चौरस मीटर जमिनीत यांची संख्या लाखाच्या वर जाऊ शकते. आजवर सुमारे ११,००० जातींना नावं मिळाली आहेत. आणि ही मंडळी फार जुनी आहेत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या गिल्बोआ इथल्या खडकात त्यांचे सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले आहेत. डायनोसॉर तेव्हा यायचे होते.

यातली एखादी जात हातात आली तर ‘ही अमुकच’ असं कसं ठरवतात, ते आज सांगायचं आहे. उदाहरण घेऊ युरोपातल्या आल्प्स पर्वताच्या परिसराचं, कारण तिथे या गटाचा अभ्यास दीडशे-दोनशे वर्षं चाललेला आहे, आणि इतकं होऊनही एका ‘ओळखीच्या’ जातीने तिथल्या अभ्यासकांना अलीकडेच चकवलं.

डोंगराचंच उदाहरण का, याला कारण आहे. चिलखती माइटला पंख नाहीत. तो फार हळू चालतो. काही जण वाऱ्याबरोबर किंवा शेवाळाच्या तुकड्याबरोबर वाहून जातात, पण एकूण हा घर न सोडणारा प्राणी. त्यात डोंगरावर एकाच उतारावर किती घरं असतात: उन्हात तापणाऱ्या कातळावरचं शेवाळ, सावलीतलं पडकं खोड, गवताच्या मुळांतली माती, बर्फ उशिरापर्यंत साठून राहणारा खड्डा. आपल्याला शंभर पावलांचं वाटणारं अंतर त्याला दुसऱ्या देशाएवढं असतं. वर थंडी इतकी की अंड्यातून निघून मोठं व्हायला काही जातींना कित्येक वर्षं लागतात. अशा जागी एका जातीच्या दोन जाती व्हायला भरपूर वाव असतो, आणि वरून पाहिलं तर दोघी सारख्याच दिसू शकतात.

आता कामाकडे वळू. पहिला प्रश्न, मातीतून हे बाहेर काढायचे कसे? चिमट्याने एकेक वेचायला गेलात तर जन्म पुरणार नाही. इटलीतल्या अंतोनियो बेर्लेझे या शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये एक साधी युक्ती मांडली आणि तीच आजही जगभर वापरतात. एक मोठं नरसाळं घ्यायचं, त्यात जाळी बसवायची, जाळीवर शेवाळ किंवा पालापाचोळ्याची माती पसरायची आणि नरसाळ्याच्या तोटीखाली अल्कोहोलची बाटली ठेवायची. बेर्लेझेने ऊब देण्यासाठी गरम पाणी वापरलं होतं. पुढे स्वीडनच्या तुलग्रेनने वर विजेचा दिवा लावला. दिव्याच्या उबेने माती वरून वाळत जाते. माइटला ओल हवी असते, म्हणून तो ओलीच्या मागे खाली खाली सरकतो आणि शेवटी तोटीतून बाटलीत पडतो. हे हळूहळू व्हावं लागतं. घाई करून प्रखर दिवा लावला तर हळू चालणारे माइट वाटेतच वाळून मरतात, आणि चिलखती माइट हळू चालणाऱ्यांपैकीच. पाच-सात दिवस धीर धरायचा. प्लॅस्टिकची बाटली कापून, त्यात मच्छरदाणीचा तुकडा लावून हे घरीही जमतं. आंब्याखालचा ओला पाचोळा घेतलात तरी रिकाम्या हाताने परत येणार नाही.

बाटलीतला माल बशीत ओतला की सूक्ष्मदर्शकाखाली जत्रा दिसते. शेपटीच्या चिमट्याने उडी मारणारे, लांबट, सहापायी कोलेम्बोला बाजूला काढायचे. पांढुरके, मऊ, लुसलुशीत माइट वेगळे. फिकट बदामी रंगाचे, लांब पायांचे, पुढे बाहेर आलेली मुखांगं असलेले शिकारी माइट वेगळे. जिवंत असताना हे तुरुतुरु पळतात. राहतात ते गोलसर, गडद तपकिरी, तिळाला वार्निश लावल्यासारखे दिसणारे. हे आपले चिलखती. त्यांतले काही तर डबीसारखे मिटतात. डोक्याकडचा भाग झाकणासारखा खाली ओढून पाय आत घेतात, आणि मग बशीत नुसता एक दाणा पडलेला दिसतो.

इथे एक अडचण सुरुवातीलाच येते. चिलखती माइटची पिल्लं आई-बापासारखी दिसत नाहीत. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात. मग कात टाकत टाकत तीन टप्प्यांतून गेल्यावर प्रौढ होतो. मधल्या टप्प्यांत ते फिकट, सुरकुतलेले, कधी पाठीवर आपल्याच जुन्या काती आणि मातीचे कण वाहून नेणारे असतात. एकोणिसाव्या शतकात अशा पिल्लांना निराळ्या जाती समजून निराळी नावं दिली गेली होती. इंग्लंडमधल्या अल्बर्ट मायकेल या हौशी अभ्यासकाने पिल्लं सांभाळून, वाढवून, कोणातून कोण निघतं ते पाहिलं आणि १८८४ आणि १८८८ मध्ये ब्रिटनच्या चिलखती माइटवर दोन खंड छापले. डोळ्याला न दिसणारं पिल्लू जिवंत ठेवून त्याची कात पडायची वाट बघत बसायचं! मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. जात ओळखायची तर आजही आधी प्रौढ वेगळे काढायचे.

खसखशीच्या दाण्याच्या निम्म्या आकाराचा हा प्रौढ माइट तसाच बघून उपयोग नाही, कारण कवच गडद असतं आणि आतलं काही दिसत नाही. म्हणून त्याला लॅक्टिक आम्लाच्या थेंबात ठेवतात. दही आंबट करणारं आम्ल तेच. काही दिवसांत आतला मऊ भाग विरघळतो, कवच मधासारखं पारदर्शक होतं. मग मधे खळगा असलेली काचपट्टी घ्यायची, खळग्यात आम्लाचा थेंब, त्यात माइट, आणि वरून पातळ काच अर्धीच सरकवायची. पातळ काचेची कड सुईने अगदी हलकेच ढकलली की खाली माइट गोटीसारखा लोळतो. एकदा पाठ वर, पुन्हा ढकलली की कूस, पुन्हा ढकलली की पोट. हात जरा जोरात लागला तर तो निसटून थेंबाच्या काठाला जातो आणि पुन्हा शोधत बसावं लागतं. पण हे लोळवणं टाळता येत नाही, कारण पाठीवरच्या खुणा आणि पोटावरच्या खुणा दोन्ही लागतात. कायमच्या काचपट्टीत दाबून टाकलेला माइट फक्त एकच बाजू दाखवतो, तीही चपटी झालेली.

बघायचं काय? सगळ्यात आधी डोक्याच्या मागच्या बाजूला, डावी-उजवीकडे, दोन लहान वाट्या दिसतात. प्रत्येक वाटीतून एक विशेष केस बाहेर येतो. हा त्याचा संवेदी रोम. हवेची हालचाल, कंप त्याला यातून कळतो. काहींत तो बारीक दोऱ्यासारखा लांब असतो, काहींत चातीसारखा मधे फुगलेला, काहींत फणीसारखा एका बाजूने दाते असलेला, काहींत आखूड आणि टोकाला गोळा असलेला, तबल्याच्या हातोडीसारखा. झाडावर, उघड्या वाऱ्यात राहणाऱ्यांमध्ये हा आखूड, गोळ्याचा प्रकार पुष्कळदा आढळतो. मी नवशिक्याला सांगेन, दुसरं काही कळलं नाही तरी या रोमाचं चित्र काढ. निम्मी वाट तिथेच सापडते.

मग पाठ. पाठीवरच्या ढालीवर केसांच्या जोड्या ठराविक जागी असतात. पुष्कळ जातींत दहा जोड्या, काहींत जास्त, काहींत इतक्या आखूड की फक्त त्यांच्या उगमाचं छिद्र दिसतं. ढालीच्या कडेला पंखासारखी पाळी आहे का, जिच्याखाली पाय झाकतात? ढालीवर बारीक छिद्रांचे ठिपके आहेत का, आणि किती? पोटावर जननछिद्राच्या दोन झडपा आणि गुदद्वाराच्या दोन झडपा, दाराच्या फळ्यांसारख्या. त्या एकमेकींना चिकटून आहेत की लांब, प्रत्येक फळीवर किती केस. पायाच्या टोकाला नखी एक की तीन. तीन असतील तर तिन्ही सारख्या जाड की मधली जाड आणि बाजूच्या बारीक. हे सगळं मोजून कागदावर उतरवायचं.

केसांच्या या हिशेबाला शिस्त लावली ती फ्रान्सच्या फ्रान्स्वा ग्रांजाँने. १८८२ मध्ये जन्मलेला हा माणूस मुळात खनिजशास्त्रज्ञ, पॅरिसच्या खाणकाम महाविद्यालयातला. खनिजं ओळखायला ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक वापरतात. काही पदार्थ त्या प्रकाशात अंधाऱ्या पार्श्वभूमीवर उजळून निघतात. ग्रांजाँ माइटकडे वळला तेव्हा ती खनिजवाल्यांची नजर सोबत घेऊन आला. त्याला दिसलं की चिलखती माइटचे केस त्या प्रकाशात चमकतात, कारण केसाच्या गाभ्यात एक वेगळा पदार्थ असतो. मृगाच्या किड्याच्या गटातले केसही चमकतात. गोचिडीचे मात्र चमकत नाहीत. केस चमकतो की नाही एवढ्यावरून त्याने १९३५ मध्ये माइटच्या साऱ्या कुळाची दोन मोठ्या घरांत वाटणी मांडली, आणि ती विभागणी आजही मोडीत निघालेली नाही. शिवाय पायावर दिसायला केसासारख्याच, पण आतून पोकळ अशा काही संवेदी काड्या असतात. त्या चमकत नाहीत. म्हणजे पायावर खरा केस कोणता आणि काडी कोणती, हेही दिव्याखाली सरळ कळतं. नवव्यांदा मोजूनही केसांचा आकडा जुळत नसेल तर बहुधा याच काडीला केस म्हणून मोजलेलं असतं.

ग्रांजाँने प्रत्येक केसाला अक्षराचं नाव दिलं. पिल्लापासून प्रौढापर्यंत प्रत्येक कातीनंतर कोणता नवा केस येतो आणि कोणता जातो याची नोंद ठेवली. गावात घराला क्रमांक असावा तसं झालं. मग ऑस्ट्रियातला अभ्यासक आणि जपानमधला अभ्यासक एकाच केसाबद्दल बोलताहेत हे दोघांना कळू लागलं.

टिपणं झाली की ओळख-तक्ता उघडायचा. त्यात प्रत्येक पायरीवर दोनच पर्याय असतात: पाळी आहे, किंवा नाही. नखी एक, किंवा तीन. असं उतरत उतरत कुळ, मग प्रजाती, मग जात. सोपं वाटतं, आणि कुळापर्यंत ते बहुतेक वेळा सोपंच असतं. पण तक्त्याला एक मोठा दोष आहे. त्याला फक्त त्यात लिहिलेल्या जाती ठाऊक असतात. आपल्या हातातली जात अजून कोणी नोंदलेलीच नसेल तरी तक्ता कुठल्यातरी नावावर नेऊन सोडतोच, आणि माणूस समाधानाने नाव लिहून मोकळा होतो. म्हणून तक्त्याने सांगितलेलं नाव हा फक्त अंदाज समजायचा आणि त्या जातीचं मूळ वर्णन काढून ओळीने ताडून बघायचं. मूळ वर्णनं पुष्कळदा फार त्रोटक असतात. जर्मनीतला वनाधिकारी कार्ल लुडविग कोख याने १८३० आणि १८४० च्या दशकांत कितीतरी माइटना नावं दिली. त्या काळच्या साधनांनी केसांच्या जोड्या मोजणं फार अवघड होतं.

आता आल्प्सची गोष्ट. कॅलेरेमियस मॉनिलिपेस नावाची एक जात मायकेलनेच १८८२ मध्ये वर्णिली होती. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान, पाठ उंचसखल, आणि पायाचे खंड मधे फुगीर, दोन्ही टोकांना बारीक, एकापुढे एक ओवलेले. नावाचा अर्थच ‘माळेसारखे पाय’. आपल्या बोरमाळेतले मणी डोळ्यांसमोर आणा. पाय इतके ठसठशीत वेगळे की पाहिले की नाव तोंडावर येतं. नेमका इथेच घोटाळा झाला. युरोपात कुठेही मण्यांच्या पायांचा, उंचसखल पाठीचा माइट मिळाला की अभ्यासक हेच नाव लिहीत गेले. शेवाळातून आला, तोच. कुजक्या लाकडातून आला, तोच. उंच डोंगरातून आला, तरी तोच. जात मोठ्या मुलखात पसरलेली आहे आणि तिला कुठेही राहायला चालतं, असं यादीत पडत गेलं.

ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या अभ्यासकांनी निरनिराळ्या ठिकाणचे नमुने एकत्र आणून त्यांचं शरीर आणि डीएनए दोन्ही बाजूंनी तपासलं आणि २०२१ मध्ये निकाल छापला. एका नावाखाली बऱ्याच जाती नांदत होत्या. त्यांपैकी एकीला अल्पायनस, म्हणजे आल्प्सची, असं नाव मिळालं. दुसरीला लिग्नोफिलस, म्हणजे लाकडाची आवड असलेली. कुठेही राहते असं म्हटली जाणारी ती एक जात म्हणजे प्रत्यक्षात आपापलं घर धरून बसलेल्या अनेक जाती होत्या. मण्यांचे पाय हे त्या साऱ्या गोताचं लक्षण होतं, एकट्या जातीचं नव्हे. आपल्याकडे एका घराण्यात सगळ्यांचं नाक सारखं असतं. नाकावरून घराणं कळेल, पण समोर थोरला उभा आहे की धाकटा ते कळायला आणखी काही बघावं लागेल. तसंच हे.

डीएनएची चाचणी सोपी असते असं मात्र समजू नका. एवढ्याशा देहातून पुरेसा डीएनए काढायचा तर पूर्वी सगळा माइट चिरडावा लागे, आणि मग बघायला काही उरत नसे. आता कवच शाबूत ठेवून आतला भाग विरघळवून डीएनए काढता येतो, किंवा एक-दोन पाय तोडून घेतात आणि देह जपून ठेवतात. हे जपणं फार गरजेचं. नाहीतर संगणकात डीएनएची ओळ राहते आणि ती कोणाची होती हे सांगणारा साक्षीदार राहत नाही. शिवाय डीएनएत फरक दिसला की लगेच नवी जात, असंही नसतं. प्लॅटिनोथ्रस पेल्टिफर नावाच्या माइटमध्ये नराशिवाय, मादीपासून मादी अशी वंशवेल चालते. तिच्या वेगवेगळ्या शाखांच्या डीएनएत प्रचंड अंतर पडलेलं आहे, पण देह पाहिले तर सारखेच. तिथे जातीची रेघ कुठे ओढायची यावर जाणकारांतही एकमत होणं कठीण.

उलटही घडतं. स्कुटोव्हर्टेक्स नावाच्या प्रजातीत मिनुटस आणि स्कल्प्टस अशा दोन जाती ओळखीच्या होत्या. ग्राट्सच्याच मंडळींना असे नमुने मिळाले ज्यांची काही लक्षणं एकीशी जुळत होती आणि काही दुसरीशी. संकर आहे की नुसती व्यक्ती-व्यक्तींतली कमी-जास्त? देह आणि डीएनए दोन्ही तपासून ती तिसरीच जात ठरली. २०१० मध्ये तिला नाव दिलं इयानस, दोन दिशांना दोन तोंडं असलेल्या रोमन देवावरून.

म्हणूनच एकट्या नमुन्यावर कधी विसंबू नये. एकाच जातीतही लांबी कमी-जास्त असते, मादी नरापेक्षा बहुधा थोडी मोठी भरते, एखाद्याचा केस तुटलेला असतो, एखाद्याच्या कवचावर मेणाचा थर आणि मळ इतका चिकटतो की नक्षी दिसतच नाही. एका जागचे दहा-वीस प्रौढ मोजले की कोणतं लक्षण पक्कं आहे आणि कोणतं हलतं ते कळायला लागतं. केसाची लांबी थोडी हलली तर चालेल. पण पोटाच्या फळीवर सगळ्यांना सहा जोड्या आणि दुसऱ्या खोऱ्यातल्या सगळ्यांना पाच, असं दिसलं तर तिथे थांबायचं, दिवा नीट करायचा आणि पुन्हा मोजायचं.

नवी जात जाहीर करताना एक नमुना नावाचा आधार म्हणून निवडतात आणि तो संग्रहालयात ठेवतात. पुढे कोणाला शंका आली तर भांडण कागदावर सुटत नाही, त्या एका देहाशी ताडून सुटतं. आणि त्या देहाच्या कुपीत, अल्कोहोलमध्येच, एक चिठ्ठी असते. ती पेन्सिलीने लिहितात, कारण शाई अल्कोहोलमध्ये उतरते. ठिकाण, उंची, तारीख, कोणी गोळा केलं, आणि मुख्य म्हणजे कशातून: उत्तरेकडच्या कातळावरचं ओलं शेवाळ, की देवदाराचं पडलेलं, सालीखाली मऊ झालेलं खोड. कॅलेरेमियसच्या नमुन्यांबरोबर ही शेवटची ओळ लिहिलेली असेल तर लाकडातली कोणती आणि शेवाळातली कोणती हे आज पुन्हा लावून पाहता येतं. जिथे कोणी नुसतं ‘डोंगर’ लिहून ठेवलं, त्या कुपीतला माइट आता फक्त माइट आहे.